बेडकाचं जठर आणि खोलीचं तापमान

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, असं आमच्या कॉलेजात सगळे म्हणतात. म्हणू देत. प्रॅक्टिकलच्या वहीत कुणी ‘रूम टेंपरेचर’ एवढेच दोन शब्द लिहून आणले की मी ते पान सरळ फाडते. किती डिग्री ते लिही, म्हणते, आणि पुन्हा घेऊन ये. मुली रडकुंडीला येतात. एकदा प्राचार्यांनी बोलावून समजावलं की मॅडम, एवढ्याशा गोष्टीवरून पान कशाला फाडायचं, लाल शाईने दुरुस्त करून द्यावं. मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी आणखी दोन पानं फाडली. एवढीशी गोष्ट काय करू शकते ते मला ठाऊक आहे.

मी मूळची सांगलीची. एमएस्सी झाल्यावर पीएचडीसाठी चेन्नईला आले ती इथलीच झाले. संशोधनाचा विषय होता बेडकाच्या जठराचा स्नायू आवळतो कसा आणि सैल कसा पडतो. हे सांगलीत कुणाला सांगायची सोय नव्हती. आत्या म्हणाली, ‘एवढं शिकून शेवटी बेडकाचं पोट?’ आई स्थळांना सांगताना ‘मेडिकलमध्ये रिसर्च करते’ असं मोघम सांगायची. पुढचा प्रश्न आला की विषय पोह्यांकडे वळवायची.

पण विषय खरोखर सुंदर होता, आणि हे मी आजही रागात असताना सांगू शकते. आपल्या हातापायांचे स्नायू आपलं ऐकतात. जठराचा, आतड्यांचा, मूत्राशयाचा स्नायू आपलं ऐकत नाही. तो अनैच्छिक, इंग्रजीत स्मूथ मसल. त्याच्या पेशीत बाहेरून कॅल्शियम शिरतं, एका प्रथिनाला चिकटतं, ते प्रथिन एका विकराला, म्हणजे एन्झाइमला, जागं करतं आणि तो विकर स्नायूच्या तंतूंना फॉस्फेटची कडी लावत सुटतो. कडी लागली की स्नायू आवळतो. दुसरा एक विकर असतो, त्याचं काम फक्त लावलेल्या कड्या काढायचं. कॅल्शियम ओसरलं की पहिला थांबतो, दुसरा आपलं काम करत राहतो आणि स्नायू सैल पडतो. माणसात हेच, बेडकात हेच. बेडकात ते जास्त स्वच्छ दिसतं, कारण त्याच्या जठराच्या पेशीत कॅल्शियमचा साठा फारसा नसतो, बाहेरून येणाऱ्यावरच सगळी भिस्त. आणि जठराची एक बारीक पट्टी कापून खाऱ्या द्रावणात टांगली तरी ती तासन्‌तास जिवंत राहते, औषधाचा थेंब टाकला की आवळते, द्रावण बदललं की सोडते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

आमचे गाईड या विषयातले मोठे. सगळं जग स्नायूच्या आवळण्यामागे लागलेलं असताना त्यांनी तरुणपणी सोडण्याचा अभ्यास केला. आपल्याकडचा बेडूक, म्हणजे तो अंगावर फोड असलेला, पावसाळ्यात न्हाणीघराच्या कोपऱ्यात येऊन बसतो तो, त्याच्या जठराची पट्टी अमेरिकन बेडकाच्या पट्टीपेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने सैल पडते, असं त्यांनी दाखवलं. म्हणजे याच्यातला कडी काढणारा विकर काहीतरी वेगळा आहे, जास्त चपळ आहे. त्या एका पेपरावर सरांचं नाव झालं. परदेशी पुस्तकांत त्यावर एकेक वाक्य आलं. आमच्या लॅबच्या भिंतीवर त्या जुन्या आलेखाची फ्रेम होती, लोक देवाची तसबीर लावतात तशी, दाराच्या अगदी समोर.

माझं काम तो चपळ विकर शोधून वेगळा काढायचं. त्याआधी सरांचा जुना प्रयोग आपल्या हाताने करून बघायचा, एवढी साधी पहिली पायरी होती. त्या पहिल्या पायरीवर मी दोन वर्षं बसून होते.

कारण माझ्या पट्ट्या सैल पडत नव्हत्या. आवळायच्या व्यवस्थित. ॲसिटिलकोलीनचा थेंब पडला की स्क्रीनवरची रेघ झकास वर चढायची. मग मी द्रावण बदलायची, एकदा, दोनदा, तीनदा, आणि ती रेघ वरच्या वरच रेंगाळत बसायची. उतरायची, पण रमतगमत. सरांच्या फ्रेममधली रेघ कशी धाडकन खाली येते. माझी जिना उतरणाऱ्या म्हातारीसारखी.

सर बघायचे आणि म्हणायचे, ‘तुझे हात, मा.’ ते माझ्याशी इंग्रजीत बोलायचे आणि शेवटी हा तमिळ ‘मा’ लावायचे, प्रेमाने. ‘गाठ मारताना तू पट्टी ओढतेस. ताणलेला स्नायू सोडणार कसा?’ पट्टीच्या दोन्ही टोकांना सुती दोऱ्याची गाठ मारायची असते, एक टोक खालच्या हुकाला, दुसरं वरच्या तरफेला. मी गाठ मारायला शिकले, पुन्हा शिकले, डोळे मिटून मारायला शिकले. खोलीवर जाऊन फुग्याच्या रबरावर गाठी मारत बसायची. तेव्हा माझ्या खोलीत शोळिंगनल्लूरला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारी पुण्याची मुलगी होती. ती एकदा म्हणाली, ‘अगं, तू डॉक्टर होणारेस की तोरणं विकणारेस?’ तेव्हा हसले. नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले.

आणि प्रत्येक पट्टीमागे एक बेडूक होता, हे कुणी विसरू नये. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणारी समिती असते, ती मोजके बेडूक मंजूर करते, एकेकाचा हिशेब मागते, आणि ते योग्यच आहे. लॅबमागच्या व्हरांड्यात टाक्या होत्या. त्यांची देखभाल एक साठीकडे झुकलेली बाई करायची, तिला सगळे अम्मा म्हणायचे. पाणी बदलायची, झुरळं पकडून खाऊ घालायची. मी बेडूक मागायला गेले की ती उचलून माझ्या हातात देताना त्याला ‘पोयिट्टु वा’ म्हणायची. जाऊन ये. इथे कुणाला निरोप देताना नुसतं ‘जा’ म्हणत नाहीत, आपल्याकडे जसं ‘जाते’ न म्हणता ‘येते’ म्हणतात तसंच. मला ते ऐकवायचं नाही. आणि मग आत जाऊन मी त्याला बेशुद्ध करायची, मारायची, आणि माझे हात वाईट म्हणून तो फुकट जायचा. असं आठवड्यामागून आठवडा. मला स्वतःच्या हातांची किळस यायला लागली होती.

तिसऱ्या वर्षी मे महिन्यात, अग्निनक्षत्राच्या दिवसांत, म्हणजे चेन्नईच्या उन्हाळ्याचा अगदी कळस, आमच्या मजल्याचा एसी बंद पडला. ही नवी इमारत होती. आमच्या शेजारच्या खोलीत महागडा सूक्ष्मदर्शक होता, त्याच्यासाठी अख्खा मजला कायम गारठवून ठेवायचे. बाहेर माणसं उन्हाने वेडी व्हायची आणि आम्ही आत स्वेटर घालून बसायचो. तर तो एसी बंद पडला, सुटा भाग यायला दोन आठवडे लागणार होते, सूक्ष्मदर्शकवाल्यांनी कुलूप लावलं आणि ते घरी गेले. मी गेले नाही. मला घरी जाऊन काय करायचं होतं? घामाच्या धारांत गाठ मारली, थेंब टाकला, रेघ चढली. द्रावण बदललं. आणि रेघ धाडकन खाली.

मी तीन वेळा पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुसरी पट्टी, तीच गत. दोन आठवडे एकही पट्टी रुसली नाही. सरांनी येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘आता हात बसला, मा.’ मी आईला फोन केला. अम्माला मिठाईचा पुडा नेऊन दिला. इतकी खूश मी लग्नाच्या दिवशीही नव्हते.

मग एसी दुरुस्त झाला आणि माझे हात पुन्हा वाईट झाले.

मी व्हरांड्यात जाऊन अम्माजवळ बसले. बोलायला दुसरं कुणी नव्हतं. मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सांगितलं की दोन आठवडे सगळं नीट चाललं होतं, आता परत बिघडलं. अम्मा टाकी घासत होती. मान वर न करता म्हणाली, ‘एसी आलाय ना. मागे मी टाक्या आत ठेवल्या होत्या तेव्हाही असंच. गारठ्यात तेरै नुसती बसून राहते, खात नाही, हलत नाही.’ तेरै म्हणजे हाच बेडूक. मी म्हटलं, ‘अम्मा, मी जिवंत तेरैचं नाही बोलत, तिच्या पोटाच्या पट्टीचं बोलतेय.’ ती म्हणाली, ‘पट्टी तिचीच ना?’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अम्मावर नाही, स्वतःवर. बेडूक थंड रक्ताचा. बाहेर जितकी ऊब तितकीच त्याच्या आत. शाळेतल्या पोराला हे येतं. विकराचं काम गारठ्यात मंदावतं हे तर मी सांगलीत शिकवण्या घेताना पोरांकडून घोकून घ्यायची. उंदराची, गिनिपिगची पट्टी असली की काचेच्या नळीभोवतीच्या वेष्टणातून कोमट पाणी फिरवतात, म्हणजे ती सदतीस डिग्रीला राहते. बेडकासाठी ते वेष्टण कुणी जोडत नाही. बेडकाला ऊब लागत नाही, त्याला खोलीचं तापमान पुरतं, अशी सगळ्या लॅबांतली रीत आहे. कुठली खोली, हे कुणी विचारत नाही.

मी सरांचा जुना पेपर काढला. लिहिलं होतं, प्रयोग रूम टेंपरेचरला केले. ज्या अमेरिकन पेपराशी त्यांनी तुलना केली होती तो काढला. त्यातही तेच, रूम टेंपरेचर. दोन्हीकडे शब्द तेच, म्हणून इतकी वर्षं कुणाच्या डोळ्यांत काही खुपलं नाही. त्यांची खोली असेल वीस डिग्री. सरांची जुनी लॅब गिंडीच्या कारखान्यांजवळ पत्र्याच्या छपराखाली होती, एक पंखा, तोही प्रयोगाच्या वेळी बंद, कारण वाऱ्याने तरफ हलते. ती खोली तेहेतीस, चौतीस. बेडूक वेगळा नव्हता. चपळ विकर बिकर काही नव्हतं. उकाडा होता.

तरी मी तोंड उघडलं नाही, आधी प्रयोग केला. एकाच बेडकाच्या जठराच्या दोन पट्ट्या, एकाच हाताने मारलेल्या गाठी. दोन्ही नळ्यांना पाण्याचं वेष्टण जोडलं, एकीत वीस, दुसरीत तेहेतीस. वीसवाली म्हातारी, तेहेतीसवाली धाडकन. मग पाण्याची अदलाबदल केली. आता पहिली धाडकन, दुसरी म्हातारी. पाच बेडकांवर केलं, पाचही वेळा तसंच. त्या पाच बेडकांचं मला वाईट वाटलं नाही. ते कशासाठी तरी गेले होते.

छापलेले आलेख घेऊन मी सरांच्या खोलीत गेले. त्यांनी चष्मा लावून सगळे पाहिले, एकेक. खूप वेळ. मला वाटलं, आता रागावतील. रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं, मीही रागावले असते आणि काहीतरी झालं असतं. ते म्हणाले, ‘त्या छपराखाली दुपारी मेण वितळायचं, मा.’ मग म्हणाले, ‘पंचावन्नाव्या वर्षी मी जगाला काय सांगू? आयुष्यभर मद्रासचा उन्हाळा मोजला म्हणून?’

त्यांनी विचारलं, ‘तुझी मुदत कधी संपते?’ त्यांना माहीत होतं. तीन वर्षांची शिष्यवृत्ती संपत आली होती, मुदतवाढ मिळणार नव्हती. ते म्हणाले, ‘आपण लॅबचा एसी बंद करून घेऊ. तू सगळे प्रयोग परत कर, तुझे हात आता उत्तम आहेत. आणि प्रबंधात लिही, रूम टेंपरेचर.’ मी म्हटलं, ‘सर, पण…’ ते म्हणाले, ‘खोटं आहे का ते? खोलीच आहे. तापमानच आहे.’

या एका वाक्यावर माझा इतका राग आहे की आजही कधी भांडी घासताना आठवलं तर हातातलं भांडं आपटलं जातं. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मला राग आलाच नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. म्हणजे डिग्री मिळणार. म्हणजे सांगलीला तोंड दाखवता येणार. एसी बंद करावा अशी विनंती करणारा अर्ज देखभाल विभागाकडे गेला, त्याच्या खाली सही माझी आहे. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीची वेगळी सोय केली. चार महिने मी घामात न्हाऊन निघाले आणि एकेक पट्टी अशी सैल पडली की सरांच्या फ्रेममधला आलेख फिका वाटावा. चपळ विकर सापडला नाही, सापडणार कुठून, पण ‘त्याच्या अस्तित्वाला दुजोरा मिळाला’. हे शब्द मी लिहिले. कार्यपद्धतीचं प्रकरण मी इतकं बारकाईने लिहिलं की परीक्षकांनी कौतुक केलं. दोऱ्याची जाडी, पट्टीची रुंदी, किती ताण द्यायचा, द्रावण किती वेळाने बदलायचं. ‘नळीला पाण्याचं वेष्टण जोडू नये, बेडूक शीतरक्ताचा असल्याने रूम टेंपरेचर पुरेसं आहे,’ हेही. वीस आणि तेहेतीसचे आलेख मी एका फायलीत घातले आणि ती फाइल माझ्या कपाटात गेली. माझे प्रयोग संपले आणि लॅबचा एसी पुन्हा सुरू झाला.

डिग्री मिळाली. शोळिंगनल्लूरच्या पुढे एका खासगी फार्मसी कॉलेजात नोकरी मिळाली. लग्न झालं, मुलगी झाली. रविवारी आम्ही जवळच्याच कोवलम या कोळीगावात जाऊन होड्यांवरचे मासे आणतो. आणि सोमवारी मी पोरींच्या वह्यांतली पानं फाडते. आठ वर्षं फाडतेय. आपला प्रबंध ग्रंथालयात ताठ मानेने उभा, आणि शिस्त कुणाला लावायची तर एकोणीस वर्षांच्या मुलींना. याला आमच्या सांगलीत जो शब्द आहे तो इथे लिहिता येत नाही.

गेल्या जानेवारीत एका दुपारी एक मुलगी मला शोधत कॉलेजात आली. सत्तावीस-अठ्ठावीसची, दोन वेण्यांची सवय नुकतीच सुटलेली असावी अशी. दारातूनच मराठीत म्हणाली, ‘अक्का, आत येऊं?’ तंजावरकडची मराठी. तिचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेले, वडील इथे एका कचेरीत कारकून. तिची मराठी जुनी आणि हेल तमिळ. ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी पटकन कॉफी सांगितली.

मग तिने सांगितलं की ती आमच्याच लॅबमध्ये आहे. सरांची बहुधा शेवटची विद्यार्थिनी, पाचवं वर्ष चालू. तिने पिशवीतून माझा प्रबंध काढला. झेरॉक्स. पानोपानी पिवळ्या खुणा, कोपरे झिजलेले, वरून प्लॅस्टिकचं वेष्टण घातलेलं. कार्यपद्धतीचं प्रकरण तर निखळून वेगळं झालं होतं, ते तिने दोऱ्याने शिवलं होतं.

‘सगळं तुमच्यासारखंच करतें, अक्का,’ ती म्हणाली. ‘दोरा तोच आणविला. पट्टी मोजून कापतें. आवळते चांगली, पण सोडत नाही. सर सांगतात, माझे हात बरे नाहीत. सांगतात, तुझ्या आधीं एक मराठी मुलगी होती, तिचे हात पाहायला पाहिजे होतेस.’

मी विचारलं, ‘लॅबमध्ये एसी चालू असतो?’

‘असतो की. आता जनरेटर आहे, कधीं बंद पडत नाही.’

‘आणि ती टाक्यांवाली अम्मा?’

‘ती मी यायच्या आधींच रिटायर झाली म्हणतात.’

ती आणखी सांगत होती आणि पिशवीत काहीतरी शोधत होती. सुती दोऱ्याचं रीळ काढलं, टेबलावर ठेवलं. फुग्याच्या रबराचा एक बारीक कापलेला तुकडा काढला, तो त्याच्या शेजारी. मग दोन्ही माझ्याकडे सरकवले. ‘एक वेळ गाठ मारून दाखवा, अक्का,’ ती म्हणाली. ‘तुमचे हात कसे चालतात तेवढं पाहायचं आहे.’

माझे हात मांडीवर होते ते वर येईनात. प्रबंधात जे लिहिलं होतं ते सगळं त्या मुलीने केलं होतं, अक्षर न अक्षर. जे लिहिलं नव्हतं तेवढंच राहिलं होतं. मी म्हटलं, ‘तुझ्या हातांना काहीही झालेलं नाही.’ आणि मग सगळं सांगितलं. पत्र्याचं छप्पर, वीस आणि तेहेतीस, एसी बंद करण्याचा अर्ज, कपाटातली फाइल. एकही गोष्ट सरांवर ढकलली नाही, निदान तसा प्रयत्न केला. कॉफी आली, तशीच राहिली. ऐकता ऐकता ती आपले हात उलटसुलट करून बघत होती.

मग तिने विचारलं, ‘इतके दिवस हे मज सांगणारं कोणी नव्हतं का?’

‘होतं,’ मी म्हटलं. ‘मी होते.’

ती रडली नाही. ओरडलीही नाही. मला ओरडायला हवी होती. मी एकटीच बोलत सुटले, की मी आजच्या आज विद्यापीठाला लिहिते, सरांना लिहिते, तो पेपर छापणाऱ्यांना लिहिते, सगळे आलेख जोडते, माझी डिग्री काढून घ्यायची तर घेऊ देत. तू चार वर्षं जे मोजलंस ते चूक नाही, ते वीस डिग्रीचं खरं मोजमाप आहे, त्याला माझे तेहेतीसचे आलेख जोडले की त्याचाच प्रबंध होतो, माझ्यापेक्षा चांगला होतो. उद्या ये, आपण बसून मांडणी करू. माझा आवाज इतका चढला की शेजारच्या खोलीतून कुणीतरी डोकावून गेलं.

तिने माझं बोलणं संपू दिलं. रबराचा तुकडा उचलला, दोरा रिळावर नीट गुंडाळला, प्रबंध प्लॅस्टिकमध्ये घालून तो मात्र माझ्या टेबलावरच ठेवला.

‘गेल्या सोमवारीं मी पीएचडीतून नांव काढून घेतलं, अक्का,’ ती म्हणाली. ‘हात बरे नाहीत म्हणूनच लिहून दिलं.’